मामांची स्लाइड

लहानूमामा पगारे दहावी नापास होते, आणि ही गोष्ट ते दर वर्षी पहिल्याच दिवशी नव्या वर्गाला स्वतः सांगून टाकत. नाशिकच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून त्यांची एकतीस वर्षं गेली होती. या काळात किती प्राध्यापक आले, किती गेले, कुणी पुण्याला गेलं, कुणी थेट अमेरिकेला. मामा आपले तिथेच, खिडकीजवळच्या टेबलापाशी, खांद्यावर पिवळं फडकं टाकून. रोज सकाळी एकलहऱ्याहून पहिल्या बसने यायचं आणि प्रयोगशाळेचं कुलूप आपल्याच हाताने उघडायचं. ते काम त्यांनी एकतीस वर्षांत दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं.

"मी दहावी नापास हाय," ते पोरांना सांगत. "पण या जिवाणूंनी मला कधी सर्टिफिकेट मागितलं नाय. त्यांना हात कळतो."

आणि हात खरोखरच होता. काचेच्या पट्टीवर मामा थेंब पसरत तो असा, की पट्टीवर काही आहे की नाही अशी शंका यावी. पोरं जाड थर द्यायची, तेव्हा मामा विचारत, "भजी तळायच्यात का?" मग रंगवणं. आधी जांभळा रंग, एक मिनिट. त्यावर आयोडीन. मग स्पिरिटने धुवायचं, आणि शेवटी गुलाबी रंग द्यायचा. पुस्तकात या सगळ्याला ग्रॅमची पद्धत म्हणतात आणि त्यावर चार पानं खर्ची घालतात. मामा चार वाक्यांत उरकत. "प्रत्येक जिवाणूला अंगाभवती भिंत असती. ज्याची भिंत जाड, तो जांभळा रंग घट्ट धरून बसतो, धुतला तरी सोडत नाय. ज्याची पातळ, त्याचा धुऊन जातो, मग तो मागून आलेला गुलाबी घेतो. जांभळा तो पॉझिटिव्ह, गुलाबी तो निगेटिव्ह."

आकारही ते असेच शिकवत. गोल, दांडी आणि पीळ, तीनच जाती ध्यानात ठेवा म्हणायचे. गोलांपैकी जे एकामागे एक राहतात ती मण्यांची माळ. आणि जे गर्दी करून बसतात, ते स्टॅफ, म्हणजे द्राक्षाचा घड. नाशिकच्या पोरांना घड काय असतो हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. एक जिवाणू ज्या काचेच्या बशीत वाढवतात, तिला तर पिकल्या द्राक्षांसारखा वासही येतो. तो वास नाकाने ओळखणारे मामा एकटेच होते. "वास गोड हाय म्हणून फसू नका," ते म्हणत, "जखमेत हिरवा पू करतो तो हाच भाद्दर."

त्यांचा एकच नियम कडक होता. जे दिसतं तेच वहीत लिहायचं. पुस्तकात काय आहे ते नाही, शेजारच्याने काय लिहिलंय तेही नाही.

आणि एक रिवाज होता. प्रात्यक्षिकाच्या दिवशी सकाळी साडेसातला मामा त्या दिवसाच्या कल्चरमधून, म्हणजे नळीत वाढवलेल्या जिवाणूंतून, स्वतः एक स्लाइड रंगवत आणि सूक्ष्मदर्शकाखाली लावून वर फडकं झाकत. शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी यायचं, फडकं काढून बघायचं आणि 'चला' म्हणायचं. तिला सगळे 'मामांची स्लाइड' म्हणत. ती चांगली निघाली की कल्चर चांगलं आहे, पोरांना द्यायला हरकत नाही. एकतीस वर्षांत मामांच्या स्लाइडवर शंका घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

अशा माणसाला हेवा कुणाचा वाटणार? प्राध्यापकांचा नाही. त्यांची पायरी वेगळी, मामांची वेगळी. माणूस जळतो तो आपल्या जवळच्यावर. मामा जळत होते तेजस्विनी भोयेवर, आणि ती त्यांनीच हाताला धरून तयार केलेली पोर होती.

आठ वर्षांपूर्वी ती पेठ तालुक्यातून शिकायला आली तेव्हा स्लाइड बर्नरच्या ज्योतीत धरून तडकवून बसली होती. एकदा नव्हे, सलग तीनदा. बाकीची मुलं हसली. मामांनी तिला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला बोलावलं, आणि मग ती तीन वर्षं रोज साडेसातलाच येत राहिली. दुसऱ्या वर्षाला एकदा तिने घाईत फ्रिजमधली कित्येक महिन्यांपूर्वीची नळी वापरली. घड जांभळा निघायचा तो गुलाबी निघाला, आणि ती रडायला लागली. मामांनी तिला स्टुलावर बसवून पाणी दिलं. "रडू नको. तुझा हात चुकला नाय. कल्चर म्हातारं व्हतं. म्हाताऱ्याची भिंत सैल पडती, मग ते रंग धरत नाय. पेरायला जसं ताजं बी, तसं रंगवायला ताजं कल्चर. काल लावायचं, आज वापरायचं." हे वाक्य तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं होतं. मामांनी ते बघितलं होतं, आणि त्या दिवशी ते घरी जाऊन बायकोला, भिमाबाईंना, सांगितलंही होतं.

गेल्या जुलैत तीच तेजस्विनी एम.एस्सी. होऊन, तासिका तत्त्वावर का होईना, शिकवायला म्हणून त्याच प्रयोगशाळेत आली. तासिका तत्त्व म्हणजे नोकरी एका वर्षाची. पुढच्या जूनमध्ये बोलावतील तर बोलावतील. पहिल्याच तासाला तिने वर्गासमोर सांगितलं, "मला जे काही येतं, ते या मामांनी शिकवलंय." मामांची छाती इंचभर फुगली. ती फुगलेली छाती साधारण तीन दिवस टिकली.

चौथ्या दिवशी पहिलं प्रात्यक्षिक होतं, दह्याचं. दह्यातले जिवाणू सगळ्यात सोपे, सगळ्यात गरीब, आणि दिसतातही छान: दांड्या आणि माळा एकत्र. हे दही एकतीस वर्षं मामांच्या घरून येत होतं. भिमाबाई आदल्या संध्याकाळी विरजण लावत, सकाळी स्टीलचा डबा फडक्यात बांधून देत, आणि "पोरान्ला दिसतील ना नीट?" असं दर वर्षी न चुकता विचारत. त्या दिवशी मामा डबा टेबलावर ठेवणार, तोच तेजस्विनी म्हणाली, "मुलांनो, दही तुम्ही रोज खाता. आज आपण आमच्या पेठची आंबील बघू. नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ रात्रभर आंबवतात, त्यात कोण कोण काम करतं ते शोधायचं." पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिने सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला मोबाइल लावला, तो पडद्याला जोडला, आणि आंबिलीतले जिवाणू भिंतभर दिसायला लागले. इतकी वर्षं पोरं मामांच्या मागे रांग लावून एकेक डोळा भिंगाला लावत होती. आता मागच्या बाकावरचा पोरगाही बसल्या जागेवरून बघत होता, आणि रांगेची गरजच उरली नव्हती.

मामांनी डबा पिशवीतून काढलाच नाही. दुपारी ते इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी बसले आणि डबाभर दही साखरेशिवाय, एकट्याने, चमच्याने खाऊन संपवलं. घरी रिकामा डबा जायला हवा होता ना. संध्याकाळी भिमाबाईंनी विचारलं, "दिसले का नीट?" मामा म्हणाले, "एक नंबर." त्या रात्री त्यांच्या पोटात दुखलं. त्यात दह्याचा वाटा किती आणि तेजस्विनीचा किती, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग एकेक गोष्ट डोळ्यांत खुपायला लागली. आधी चोहीकडून "मामा, बघा ना" अशा हाका यायच्या, आता "मॅडम, बघा ना" ऐकू यायला लागलं. सायली नावाची एक हुशार पोरगी होती, अगदी मामांची लाडकी. एकदा मामा तिच्या टेबलाशी उभे असताना ती त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाली, "मॅडम, एक मिनिट येता का?" मामांनी बर्नर विझवला आणि उगाच बेसिन घासायला घेतलं. सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी फोडून त्यातले नत्र देणारे जिवाणू दाखवायचे, तर तेजस्विनीने पोरांना थेट शेतावर नेलं. गोबरगॅसचं प्रकरण यायचं, तर तिने गावाकडच्या टाकीचा व्हिडिओच आणला. जिवाणू म्हणजे नुसते रोग नव्हेत, ते नसतील तर पाचोळा कुजणार नाही, जमीन पिकणार नाही, असं ती सांगायची तेव्हा पोरं मान वर करून ऐकायची. हेच सगळं मामाही सांगत आले होते. फक्त त्यांच्या वेळी पोरं मान खाली घालून स्लाइड धुवत ऐकायची.

त्यांना तिचं चांगलं दिसत नव्हतं असं नाही. ती गुणी आहे, हे त्यांना रोज दिसत होतं, आणि तेच तर सहन होत नव्हतं. ती आळशी असती, उद्धट असती, तर मामा सुखाने झोपले असते.

मार्चच्या अखेरीस विभागप्रमुख मीना मॅडम तेजस्विनीला म्हणाल्या, "प्रात्यक्षिक परीक्षा यंदा तू सांभाळ. बाहेरून परीक्षक येतायत, कडक आहेत. त्यांचा शेरा प्राचार्य वाचतात. परीक्षा नीट पार पडली तर जूनला तुझं नाव मी पुढे करते. नाहीतर माझ्या हातात काही नाही." मामा तेव्हा शेजारीच टेबल पुसत होते. त्यांनी ते टेबल जरा जास्तच वेळ पुसलं.

एप्रिलमध्ये, परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी, फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलेला दिसला. स्वच्छ अक्षर तेजस्विनीचं. 'लहानूमामांसाठी सूचना: स्टॅफचे कल्चर आज दुपारी दोनला लावावे. अठरा तासांचे ताजे कल्चरच वापरावे. जुने वापरू नये.'

परीक्षेच्या फाइलमध्ये सगळ्या सूचना लेखी हव्यात असं मीना मॅडमनीच तिला सांगितलं होतं. पण फ्रिजच्या दारावर हे कारण कुठे लिहिलं होतं? येणारी-जाणारी पोरं कागद वाचत होती. हर्षल नावाचा एक टवाळ मोठ्याने वाचून म्हणाला, "मामा, ताजंच वापरा हां, जुनं नको." दोघं-तिघं हसले. मामांच्या अंगाचा तिळपापड झाला. गुरूची विद्या गुरूलाच! जे वाक्य आपण तिला रडताना शिकवलं, तेच तिने चारचौघांत आपल्या नावाने दारावर डकवावं?

दुपारी दोनला त्यांनी स्टॅफची ताजी नळी लावली. ते त्यांनी ठरवून केलं असं नाही. दोन वाजले की हात आपोआप लावतच. नळी ऊबपेटीत, म्हणजे इन्क्युबेटरमध्ये, ठेवताना त्यांची नजर कोपऱ्यातल्या डब्यावर गेली. मारायला काढलेल्या जुन्या नळ्या तिथे ठेवत, मोठ्या कुकरमध्ये वाफवून नष्ट करण्यासाठी. वरच एक स्टॅफची होती, संक्रांतीच्या सुमाराची, वाळून आकसलेली. मामांनी ती उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. मग कोटाच्या खिशात टाकली.

"बघू दे तिला एकदा," ते स्वतःशीच पुटपुटले. "माझ्याशिवाय कसं चालतं ते."

परीक्षेच्या दिवशी मामा सातलाच आले. ऊबपेटीतून ताजी नळी काढून त्यांनी स्लाइड रंगवली. सुरेख जांभळे घड आले, एकेक मणी मोजून घ्यावा असे. ती स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली लावून त्यांनी वर फडकं झाकलं, आणि ताजी नळी कपाटात रंगांच्या बाटल्यांच्या मागे सारली. मग खिशातली म्हातारी नळी काढून तिच्यातले जिवाणू मिठाच्या पाण्यात कालवले, पोरांच्या वीस छोट्या नळ्यांत ते गढूळ पाणी भरलं आणि वीस टेबलांवर मांडलं. हात जराही थरथरला नाही. याची त्यांना नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली.

साडेसातला तेजस्विनी आली, तिने फडकं उचलून बघितलं आणि हसली. "मामा, असा घड मला अजून जमत नाही." मामांनी मान दुसरीकडे वळवली.

दहा वाजता पोरांनी निकाल लिहायला घेतले. परीक्षक सायलीच्या टेबलापाशी थांबले. "घड गुलाबी? तू ग्रॅम निगेटिव्ह लिहिलंयस? अगं, स्टॅफ जांभळा असतो, हे बारावीतलं पोरगं सांगेल." शेजारी हर्षलने भिंगात नीट बघितलंही नव्हतं, पाठ असलेलं 'जांभळे, पॉझिटिव्ह' लिहून तो मोकळा झाला होता. परीक्षकांनी त्याच्या वहीवर बरोबरची खूण केली. सायलीचे डोळे भरून आले, पण ती मागे हटली नाही. "सर, गुलाबीच दिसतोय. आम्हाला मामांनी शिकवलंय, जे दिसतं तेच लिहायचं."

मामा चार हातांवर उभे होते. ते वाक्य ऐकून त्यांना बसावंसं वाटलं. पेटवायला गेलो कुणाचं घर, आणि जळतंय कुणाचं.

परीक्षक हट्टी होते, पण प्रामाणिक होते. त्यांनी स्वतः एक स्लाइड रंगवली. गुलाबी. दुसरी रंगवली. तीही गुलाबी, एखाददुसरा मणी तेवढा जांभळा. ते ताडकन वळले. "मॅडम, हे कल्चर कित्येक महिन्यांचं जुनं आहे. परीक्षेला? पोरांना देण्याआधी तुम्ही तपासलं नाहीत?"

तेजस्विनीने भिंगात बघितलं. मग तिची नजर खिडकीजवळच्या टेबलाकडे गेली, जिथे मामांची जांभळी स्लाइड अजून फडक्याखाली होती. तिथून ती नजर मामांवर आली आणि क्षणभर थांबली. तिने एवढंच म्हटलं असतं तरी पुरे होतं, 'सर, तपासलं होतं, ती बघा स्लाइड.' चार पावलांवर पुरावा होता.

"चूक माझी आहे, सर," ती म्हणाली. "मी जबाबदार आहे. मुलांचे गुण जाऊ देऊ नका. ज्यांनी गुलाबी लिहिलं, त्यांनी बरोबर बघितलंय."

परीक्षकांनी सायलीची वही पुन्हा मागून घेतली आणि तिचे गुण सुधारले. पण कागद काढून त्यांनी शेराही लिहायला घेतला. मीना मॅडम आत आल्या, त्यांना सगळं कळलं. त्या तेजस्विनीला व्हरांड्यात घेऊन गेल्या, आणि मामा मागोमाग गेले.

"जूनचं मी आता प्राचार्यांना कुठल्या तोंडाने सांगू?" मीना मॅडम म्हणत होत्या.

"मॅडम," मामा मध्येच बोलले, "तेजस्विनी मॅडमची चूक नाय. कल्चर मी दिलं व्हतं."

मीना मॅडमचा आवाज एकदम मऊ झाला, आणि तोच मामांना जास्त लागला. "मामा, तुम्हाला कोण बोलतंय? तुमचं वय झालंय, विसरायला होतं, हात चुकतो. म्हणून तर हिला लक्ष ठेवायला सांगितलं होतं. तुम्ही जा, चहा घ्या. पुढच्या वर्षीपासून तुम्हाला ग्रंथालयात हलकं काम देऊ."

वय झालंय. हात चुकतो. ज्या हाताची एकतीस वर्षं वाखाणणी झाली, तो हात आता चुकतो असं ठरलं, आणि ठरवणाऱ्याचा त्यात काही दोष नव्हता. वर तेजस्विनीचं नुकसान जिथल्या तिथे राहिलंच. मामांनी कबुली दिली होती खरी, पण अर्धी. आणि अर्ध्या कबुलीने कुणाचंच भलं झालं नव्हतं.

प्रयोगशाळा रिकामी झाली होती. दुपारची तुकडी यायला अर्धा तास होता. तेजस्विनी बेसिनपाशी पोरांच्या स्लाइडी धुवत होती. हे काम मामांचं. मामा तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. त्यांनीही एक ओली स्लाइड उचलून पुसायला घेतली.

"पोरी," ते म्हणाले. वर्षभरात प्रथमच त्यांच्या तोंडून 'मॅडम'ऐवजी तो जुना शब्द निघाला. "मी विसरलो नव्हतो."

"माहीत आहे, मामा."

"काय माहीत हाय तुला?"

तिने नळ बंद केला. "सकाळची तुमची स्लाइड जांभळी होती. टेबलावरचं कल्चर गुलाबी निघालं. विसरणारा माणूस दोन्हीकडे सारखाच विसरतो. आणि तुम्ही कल्चर लावायला विसराल, हे मीना मॅडमला खरं वाटेल, सरांना वाटेल. मला कसं वाटेल? मी तीन वर्षं रोज सकाळी इथे होते." तिने हातातली स्लाइड निथळत ठेवली. "का केलंत, ते मला विचारायचं नाही. ताजी नळी कुठेतरी ठेवलेली असेल. ती काढून द्या. दुपारच्या मुलांना गुलाबी घड नको."

मामांना वाटलं होतं ती ओरडेल, रडेल, निदान विचारेल तरी. विचारलं असतं तर दह्याचा डबा, फ्रिजवरचा कागद, सगळं ओकता आलं असतं. तिने ती सोय ठेवली नाही. आणि खरं सांगायचं तर त्या घटकेलाही मामांना तिचा हेवाच वाटला. स्लाइड रंगवायला आपण शिकवलं, कबूल. पण दुसऱ्याची लाज आपल्या पदराखाली झाकायचं हे हिला कुणी शिकवलं? हे काही आपल्या टेबलावर शिकली नव्हती. हे आपल्यालाच कधी आलं नव्हतं.

त्यांनी कपाट उघडलं, रंगांच्या बाटल्या बाजूला केल्या आणि नळी काढून तिच्या हातात दिली. नळीवर त्यांच्याच वळणदार अक्षरात कालची तारीख होती आणि खाली 'दु. २'. तिने ती तारीख वाचली आणि दुपारच्या मुलांच्या नळ्या भरायला घेतल्या.

दुपारच्या तुकडीचे घड जांभळे निघाले. परीक्षक म्हणाले, "हे असं हवं," आणि चहा घ्यायला मीना मॅडमच्या केबिनमध्ये गेले. शेऱ्याचा कागद मात्र तसाच राहिला. त्यात लिहिलं होतं की संबंधित शिक्षिकेने कल्चर पूर्वतपासणी न करता विद्यार्थ्यांना दिले. प्राचार्यांकडे तो चार वाजता जाणार होता.

पावणेचारला मामांनी खांद्यावरचं पिवळं फडकं काढलं, घडी घालून टेबलावर ठेवलं. सूक्ष्मदर्शकाखालून सकाळची स्लाइड काढली. शेजारची ताजी नळी घेतली, आणि कुकरजवळच्या डब्यात सकाळी परत टाकलेली ती संक्रांतीची, वाळकी नळीही घेतली. तेजस्विनी वह्या बांधत होती. तिने बघितलं आणि तिला कळलं. "मामा, नका जाऊ," ती म्हणाली. "तुमची तीन वर्षं राहिलीयत. हातून चूक झाली एवढंच राहू दे ना. कुणी काही म्हणणार नाही तुम्हाला."

"तेच तर," मामा म्हणाले. "कुणी काय म्हणणार नाय."

केबिनचं दार ढकलून ते आत गेले. एरवी ते दारातच उभे राहत, चहाचे कप उचलण्यापुरते आत जात. आज ते थेट टेबलापाशी गेले आणि शेऱ्याच्या कागदावर तिन्ही वस्तू मांडल्या: जांभळी स्लाइड, ताजी नळी, वाळकी नळी. परीक्षकांनी चष्मा वर केला. मीना मॅडम कप हातात धरून बघत राहिल्या.

"मामा, आता हे काय?" त्या म्हणाल्या. "सांगितलं ना तुम्हाला, वय झालं की होतं असं. विसरलात, सोडून द्या."

"ही काल दुपारी दोनला लावलेली नळी," मामा म्हणाले. "ही त्याच नळीची स्लाइड. मॅडमनी सकाळी साडेसातला तपासली, बरोबर हाय म्हणाल्या. त्यांनी त्यांचं काम केलं. आणि ही वाळकी, ही मी पोरांना दिली, ताजी हाताशी असताना." त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "माझा हात चुकला नाय, मॅडम. मी विसरलो नव्हतो."